मावशीचा सूर आणि आमचा माइक

आमची मावशी ७८ वर्षांची. जन्मभर गायली, पण तिचा एक सूर घरात जपून ठेवलेला नाही. म्हणून यंदा कोजागिरीला शिरगावच्या आमच्या दिवाणखान्यात तिचे गाणे मुद्रित करायचे ठरले, आणि माइकवरून घरात दोन तट पडले.

चिरंजीवांनी भाड्याने कंडेन्सर आणला. त्याचा पडदा इतका हलका की बारीक मुरकीही सुटत नाही; मात्र ४८ व्होल्ट वीज पुरवावी लागते. तालमीत मुरकी आली, मागोमाग पंखा, शेजारचा कुकर आणि कर्जत लोकलचा भोंगाही आला!

मग शुअरचा एसएम ५८ आणला. १९६६ पासूनचा हा डायनॅमिक माइक. समोरचे ऐकतो, पाठीमागचे बरेचसे सोडून देतो. पण तो तोंडाशी हवा, आणि मावशी पडली समेवर मान फिरवणारी. निम्मा सूर हवेत, तंबोरा तर गायबच.

शेवटी पंखा बंद, खिडक्या बंद, अन् कंडेन्सर हातभर अंतरावर. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान मुद्रणाला बसल्या तेव्हा माइक नव्हताच. कर्ण्यापुढे आवाज चढवून गावे लागे. मावशीला तेवढे तरी करावे लागले नाही. घामाघूम झालो आम्ही.

अंतऱ्यात तिला धाप लागली, तीही मुद्रित झाली. चिरंजीव ती कापायला निघाले होते. मी कापू दिली नाही.