कल्याणची प्यूजो ३०९: दुर्मीळ, पण बेदखल

मॅक्लारेन एफ-१ ही क्रीडामोटार सर्व मिळून १०६ घडल्या. त्यांतील एकेकीचा इतिहास संग्राहक जिवापाड जपतात.

कल्याणची प्यूजो ३०९ आज तितकीच विरळा दिसते. मात्र तिची दुर्मीळता ठरवून आलेली नाही. प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि फ्रान्सची प्यूजो यांच्या भागीदारीतून १९९४ च्या सुमारास ती कल्याण-डोंबिवलीत बनू लागली. पुढे कामगार संघर्ष पेटला आणि १९९७ मध्ये प्यूजो बाहेर पडली. युरोपातील ३०९ जीटीआय ही तिचीच वेगवान बहीण. शौकीन आज तिला शोधत फिरतात. इथली १.४ लिटरची गाडी मात्र भंगारात निघाली, तरी कोणी हळहळत नाही.

कायदाही तोकडा आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ दर्जा ५० वर्षांनंतरच मिळतो. म्हणजे पहिल्या ३०९ ने २०४४ पर्यंत तग धरायचा! तोवर १५ वर्षांनंतरची फेरनोंदणी, हरित कर आणि सुट्या भागांचा दुष्काळ आहेच. अशा अल्पायुषी गाड्यांसाठी वयापेक्षा शिल्लक संख्या हा निकष अधिक न्याय्य ठरेल. ठाणे जिल्ह्याच्या औद्योगिक इतिहासाचा हा चालता दस्तऐवज आहे. अर्थात किल्ली फिरवल्यावर चालू झाला, तर.