विश्लेषण : हलके रिव्हॉल्व्हर बिबट्यापुढे किती उपयोगाचे?

दुर्बिणींच्या खोडदमध्ये (ता. जुन्नर) रात्री उसाला पाणी द्यायला निघालेल्याला कमरेला हत्यार असावे असे वाटणे साहजिक आहे. बिबट्याचे भय आहेच. कानपूरच्या आयुध निर्माणीने २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून आणलेले 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर टायटॅनियम मिश्रधातूचे, सुमारे ५०० ग्रॅमचे. किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात. मात्र वजन घटले की गोळी सुटताना हाताला बसणारा झटका वाढतो आणि आखूड नळीने नेम साधणे अवघड होते. त्यात .३२ ची गोळी अंधारात झेपावणाऱ्या बिबट्याला जागीच थोपवेल, याचा भरवसा नाही. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. मारला गेल्यास स्वसंरक्षण दाखवून द्यावे लागते. परवाना जिल्हाधिकारी देतात, तोही पोलिसांच्या अहवालानंतर. दिवसा वीज मागणे त्यापेक्षा स्वस्त, पण तिलाही वाट पाहावी लागते.