बुरणूस टिकवावयाचा तर आरंभ लोकरीपासून हवा

घोंगडी सणगराच्या मागावर विणली जाते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु न कातता, न विणता, केवळ लोकर दाबून केलेल्या बुरणुसाची ओळख मात्र पुसट होत चालली आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील पट्टण कोडोली येथील ‘जेन’ हा याच जातीचा माल. पिंजारी कुटुंबांत बापाकडून मुलाकडे आलेली ही विद्या आज मोजक्याच हातांत उरली आहे.

पिंजलेली लोकर थराथरांनी पसरून, साबणाचे पाणी शिंपडून, गुंडाळी करून ती हातापायांनी रगडतात. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ओलावा, दाब व घर्षण यांमुळे ते एकमेकांत गुंततात आणि पुन्हा सुटत नाहीत. म्हणून बुरणूस कापला तरी त्याची कड उसवत नाही. सूत काढण्यास आखूड पडणारी लोकरही येथे कामी येते.

असे असूनही आमच्या खेड्यांतून लोकर बांधावर फेकली जाते. २०१९ च्या पशुगणनेत राज्यात सुमारे २७ लाख मेंढ्या होत्या. तथापि लोकरीच्या किमतीहून कातरणीची मजुरी जड होते. त्यामुळे माडग्याळसारख्या मांसाच्या मेंढीकडे ओढा वाढतो. यात मेंढपाळाचा दोष नाही. ज्या मालास गिऱ्हाईक नाही, तो माल कोण जपणार?

कारागिरास वर्षातून एकदा प्रदर्शनात बसविल्याने ही कला जगेल, असे आम्हांस वाटत नाही. लोकरीस भाव मिळाला तरच मेंढपाळ ती जपेल, आणि चांगली लोकर मिळाली तरच कारागिराचा माल विकला जाईल. यास्तव मेंढपाळ बंधूंनी स्वच्छ ताडपत्रीवर कातरणी करावी. काळी व पांढरी लोकर निराळी ठेवावी. कोकराचे जावळ वेगळे बांधावे. पोटापायांची मळकट लोकर त्यांत मिसळू नये. ग्रामसेवकांनी कातरणीपूर्वीच मेंढपाळ व कारागीर यांची गाठ घालून प्रतवारीप्रमाणे दर ठरवून द्यावा.

आणखी एक गोष्ट. ही विद्या घराबाहेर देण्यास कारागीर कचरतो, कारण तीच त्याची भाकरी आहे. शिकविणाऱ्यास मानधन व शिकणाऱ्यास रोजमुरा मिळेल, अशी व्यवस्था झाली पाहिजे. जुना हात थकण्यापूर्वी नवा हात तयार झाला नाही, तर पुढे कितीही पैसा खर्चून ती रगड पुन्हा साधणार नाही.