तान्हे झोळीत, दोन हात मोकळे

शाळांना सुटी लागली की आपल्या वस्त्यांतून एक चित्र हमखास दिसते. घरातली कमावती माणसे कामावर गेलेली असतात. मग आजी, मावशी किंवा रजेवर असलेली एखादी काकू दोन-तीन घरची पोरे गोळा करते आणि बाहेर पडते. कडेवर तान्हे, हाताला दोन वर्षांचे, पदर धरून चार वर्षांचे, आणि मागून डब्याची पिशवी सांभाळत थोरली. पोरे चार, बाईला हात दोनच. घाटकोपर स्टेशनचा पूल चढताना कठडा धरायला हात उरत नाही. रिक्षाचे पैसे द्यायचे तर तान्हे कुणाच्या तरी हाती सोपवावे लागते, आणि तेवढ्यात दोन वर्षांचे फुटपाथ सोडून रस्त्यावर उतरलेले असते.

आज आम्हाला या दोन हातांविषयी लिहायचे आहे. कारण अशा वेळी जे अपघात होता होता टळतात, त्यांत बाईचा निष्काळजीपणा फार क्वचित असतो. बहुतेक वेळा तिच्याकडे हातच शिल्लक नसतो.

यावर उपाय जुनाच आहे. घरात आढ्याला टांगतो ती झोळी नव्हे, अंगाला बांधायची झोळी. आपल्या आज्या शेतावर जाताना लुगड्याच्या धडप्याने पोर पाठीशी बांधत आणि खुरपे चालवत. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर गेलेल्या बायांनीही तेच केले. पुढे त्यांतली कितीतरी घरे मराठवाड्यातून, विदर्भातून मुंबईला आली, पण ते कापड मात्र गावीच राहिले. नाक्यावरची बिगारी बाई पोर बांधते, आपण का बांधायचे, असा विचार त्यामागे होता. त्या विचाराला आम्ही हसणार नाही. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी तऱ्हा सोडा, जात सांगणारे दागिने टाका, असे सांगितले आणि बायांनी ते मनावर घेतले. कपड्यावरून माणूस ओळखला जातो हे आपल्या बायांना कुणी शिकवायची गरज नाही. पण पोर अंगाशी बांधणे ही कोणत्या जातीची खूण नव्हे. आफ्रिकेत बांधतात, मेक्सिकोत बांधतात, जपानच्या खेड्यांतही बांधत असत. आणि आता तेच कापड बकला-पट्ट्या लावून मॉलमध्ये काही हजारांना विकले जाते. आपण सोडून दिलेली वस्तू दुसऱ्याने दुकानात मांडली की मग ती आपल्याला चांगली वाटू लागते, हीही एक गंमतच म्हणायची.

डॉक्टरांचेही याला पाठबळ आहे. १९८६ साली कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात काही आयांना आपले बाळ रोज नेहमीपेक्षा जास्त वेळ अंगावर बाळगायला सांगितले होते. सहा आठवड्यांच्या वयाला ही बाळे इतर बाळांपेक्षा ४३ टक्के कमी रडत होती. कमी दिवसांच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ऊब देण्याची कांगारू पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, आणि आता आपल्याकडच्या रुग्णालयांतही ती वापरतात. तेव्हा सून बाळाला कापडात घेऊ लागली आणि घरचे कुणी 'पोराला अंगाची सवय लावू नको' म्हणाले, तर हे त्यांना सांगायला हरकत नाही.

पण कापड चुकीचे बांधले तर ते जिवावर बेतते. अमेरिकेत मार्च २०१० मध्ये तिथल्या सरकारी ग्राहक सुरक्षा खात्याने जाहीर इशारा दिला होता. मागच्या वीस वर्षांत अशा झोळ्यांमुळे किमान १४ बाळे दगावली होती आणि त्यांतली १२ चार महिन्यांच्या आतली होती. त्याच महिन्यात एका कंपनीला दहा लाखांच्या आसपास झोळ्या परत घ्याव्या लागल्या. कारण साधे आहे. इतक्या लहान बाळाला मान सावरता येत नाही. पिशवीसारख्या खोल झोळीत ते मुटकुळे होऊन पडले की हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट बंद होते. नाहीतर तोंड आईच्या अंगात किंवा कापडात रुतते. आणि अशा वेळी बाळ रडत नाही. आवाजच निघत नाही, म्हणून आईला वाटते झोपले आहे. हे वाक्य घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा.

म्हणून चार महिन्यांच्या आतले बाळ बांधायचे झाले तर उभे, छातीशी, पोटाला पोट लावून बांधा. त्याचे तोंड आपल्याला सतत दिसले पाहिजे आणि नुसती मान वाकवून टाळूचा मुका घेता आला पाहिजे, इतके ते वर हवे. हनुवटीखाली निदान दोन बोटे मावली पाहिजेत. तोंडावर पदर ओढू नका, ऊन असले तरी नाही. अंगावर पाजायचे असेल तर कापड सैल करून पाजा आणि पाजून झाले की बाळाला पुन्हा उभे करा. पाजता पाजता झोळीतच आडवे झोपू देऊ नका. बाळ कमी दिवसांचे, कमी वजनाचे असेल किंवा त्याचे नाक चोंदले असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय झोळीच्या फंदात पडू नका. आईची शस्त्रक्रिया होऊन फार दिवस झाले नसतील तर तिनेही विचारून घ्यावे.

मान धरून बसू लागलेल्या, म्हणजे साधारण सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाला कडेची झोळी सोपी पडते. कापड सुती हवे. नायलॉन, जॉर्जेट घसरते आणि उन्हात अंग भाजून काढते. जुने सुती पातळ उत्तम, पण ते उजेडासमोर धरून पाहा. विरलेले दिसले किंवा ताणल्यावर चरकले, तर ते गोधडीसाठी ठेवून द्या. पाचवारीचे अर्धे कापड पुरते. लांबीत दुहेरी घडी घाला. उजव्या खांद्यावरून पाठीमागे तिरके नेऊन डाव्या कमरेशी पुढे आणा आणि उजव्या खांद्याच्या जरा खाली, छातीवर, घट्ट दुहेरी गाठ मारा. बाळाला नेहमीसारखे डाव्या कडेवर घ्या, एक पाय पुढे, एक मागे. कापड त्याच्या एका गुडघ्यामागच्या खळगीपासून दुसऱ्या गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत बुडाखाली नीट पसरवा, मग पाठीवरून काखेपर्यंत ओढून घ्या. त्याचे गुडघे बुडापेक्षा किंचित वर राहिले पाहिजेत. पाय सरळ लोंबकळत राहिले किंवा जखडून बांधले तर खुब्याच्या सांध्याला ते चांगले नाही. तान्ह्याचे पाय ताठ सरळ करून दुपट्यात आवळायची आपली चाल आहे, तीही आता सैल करावी. पहिल्या खेपेला बाळ नको, पाच किलो तांदळाची पिशवी घालून घरातच चार फेऱ्या मारा. गाठ सुटली तर तांदूळ सांडतील, एवढेच. बाळ बांधल्यावर खाली पडलेले काही उचलायचे असेल तर कमरेतून वाकू नका, गुडघ्यात बसा. आणि बाळ बांधून स्टोव्हजवळ जायचे नाही, चहाही प्यायचा नाही, दुचाकीवर तर मुळीच बसायचे नाही.

झोळी कुणी बांधायची, हा पुढचा प्रश्न. आम्हाला त्याचीच जास्त काळजी वाटते.

कान्हेरीच्या पायऱ्यांशी आम्ही पुष्कळदा एक मुलगी पाहिली आहे. दर खेपेला मुलगी वेगळी, पण बसण्याची जागा तीच. वय आठ-नऊ वर्षे, कडेवर भावंड. बाकीचे सगळे वर लेणी पाहायला गेलेले आणि ही खाली बाळ सांभाळत बसलेली. नऊ वर्षांच्या मुलीचे वजन पंचवीस किलोच्या घरात, आठ महिन्यांच्या बाळाचे आठ किलो. म्हणजे तिच्या वजनाचा तिसरा हिस्सा. साठ किलोच्या बापाच्या कडेवर वीस किलोचे पोते दिवसभर ठेवून पाहा, तो काय म्हणतो. झोळी बांधायला शिकलो म्हणून ती थोरलीच्याच गळ्यात घातली, तर आपण काही शिकलो नाही. झोळी मोठ्या माणसाने बांधायची. त्यात बापही आला, आजोबाही आले. पुरुषाने पोर कापडात बांधले तर चाळीतल्या बाया पहिल्या दिवशी तोंडाला पदर लावतील. चौथ्या दिवशी त्याच आपल्या नवऱ्याला टोमणे मारतील. आणि दोन-तीन घरची पोरे सांभाळणाऱ्या मावशीला फुकटची मावशी समजू नका. रोजगार हमीच्या केंद्र सरकारच्या २००५ च्या कायद्यातसुद्धा, कामावर आलेल्या बायांची सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुले असली तर ती सांभाळायला एका बाईला नेमून तिला मजुरी द्यावी, अशी तरतूद होती. पोरे सांभाळणे हे काम आहे हे कायद्याने मानले, घरात मानायला काय हरकत आहे?

आमचा हिशेब असा. एका मोठ्या माणसाबरोबर एक झोळीत आणि दोन हाताशी. चौथे सहा वर्षांखालचे असेल तर दुसरे मोठे माणूस बरोबर हवे, नाहीतर सहल पुढे ढकलावी. महिला मंडळाची सहल काढताना बायकांची संख्या मोजतो तशी आधी पोरांची मोजावी.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीला जायचे तर घाटकोपरच्या लोकांना आता लोकलचे दादर टाळता येते. २०१४ पासून घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा मेट्रो आहे. ती द्रुतगती मार्गाच्या स्थानकावर सोडून पुलाने गुंदवलीला गेले की २०२३ पासून थेट राष्ट्रीय उद्यान स्थानकापर्यंत मेट्रो मिळते. तिकीट लोकलपेक्षा महाग आहे, रोज परवडणार नाही, पण लिफ्ट आहे आणि दारे बंद होतात. लहान पोरांच्या सहलीला तेवढे पैसे जाऊ द्यावेत. मुलुंडकरांनी घाटकोपरपर्यंत लोकलने यावे, तीही गर्दी ओसरल्यावर. गाडीत, जिन्यावर आणि रांगेत बाळ नेहमी पुढे, छातीशी किंवा कडेवर ठेवा. पाठीवरच्या बाळाला कोण ढकलते, कुणाच्या पिशवीची कडी त्याच्या डोळ्याला लागते, हे आपल्याला दिसत नाही.

उद्यान सोमवारी बंद असते. दारापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत, चालत नेण्याचा हट्ट करू नका. शंभरावर लेणी आहेत आणि चढ खडकात कोरलेल्या पायऱ्यांचा, बाबागाडी तिथे निरुपयोगी. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात. भिक्खूंनी पाणी साठवायला खोदलेली टाकी जागोजाग आहेत, त्यांत दोन वर्षांच्या पोराचा तोल जायला क्षण लागत नाही. म्हणून मोकळ्या झालेल्या दोन हातांनी तिथे फोटो काढू नका, पोरांची मनगटे धरा. बोटे नव्हे, मनगट. बोट सुटते. खाऊ उघड्या पिशवीत नको, माकडे पिशवीसकट पोरावर येतात. पहिल्याच मोठ्या चैत्यगृहापाशी निम्मी मंडळी थांबवा, निम्मी वर पाठवा, मग अदलाबदल करा. त्यात थोरलीला दरबार लेणे पाहायला मिळाले पाहिजे.

सहा डिसेंबरचे वेगळे. दादरची रांग तासन्‌तास चालते. तीन महिन्यांचे तान्हे त्या रांगेत आले नाही म्हणून अभिवादन अपुरे राहत नाही. त्याला घेऊन आपल्या विहारात जावे. मोठी मुले नेणार असाल तर प्रत्येकाच्या खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, आणि हरवलास तर गणवेशातल्या समता सैनिक दलाच्या माणसाकडे किंवा पोलिसाकडे जा, हे घरूनच शिकवून ठेवा.

उन्हाचे एक. झोळीत बाळाला आपल्या अंगाचीही ऊब लागते, म्हणून त्याला एकच पातळ झबले पुरे. मधूनमधून मानेमागे बोट लावून पाहा. घामाने भिजली असेल तर सावलीत बसून त्याला बाहेर काढा. सहा महिन्यांच्या पुढचे असेल तर पाणी द्या, आतले असेल तर अंगावर पाजा.

परतीच्या वेळी दोन वर्षांचे थकते आणि झोळी मागते, हे ठरलेलेच. त्याला कुणी मोठ्याने पाठुंगळीला घ्यावे, आणि तान्हे दुसऱ्या मोठ्याने बांधून घ्यावे. एकाच अंगावर दोघांना बांधू नका, आणि तान्हे थोरलीकडे देऊ नका.