शाळेचा कारभारी निवडताना

जूनच्या मध्यास शाळा उघडतात आणि ज्या शाळेच्या व्यवस्थापन समितीची दोन वर्षांची मुदत संपलेली असते, तेथे पालकसभेची सूचना निघते. धाराशिव जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या शाळांतून ही सभा होते. तिला मतपत्रिका नाही, मतपेटी नाही, आचारसंहिताही नाही. बहुधा हात वर करून निवड होते आणि पुष्कळदा तर हात वर करण्याचीही वेळ येत नाही, कारण नावे आदल्या रात्रीच ठरलेली असतात. मात्र नावे ठरेपर्यंत गावात जी चर्चा चालते, ती ऐकण्याजोगी असते. पारावर, पिठाच्या गिरणीत, किराणा दुकानाच्या ओट्यावर सोयाबीनच्या बियाण्याचा भाव विचारता विचारता कोणीतरी विषय काढतो : यंदा शाळेवर कोणाला घ्यायचे?

उत्तरे ठरावीक असतात. याचे तहसिलात वजन आहे. त्याचा भाऊ पंचायत समितीत उठबस करतो. मागच्या खेपेला वरच्या आळीचा अध्यक्ष होता, आता खालच्या आळीचा हवा. नाव बाईंचे लावा, काम मालक बघतील. आणि एखाद्या नावावर सर्वांचे एकमत होते ते नकाराचे : त्याला नको, तो फार विचारतो, मास्तरांशी त्याचे जमणार नाही. या साऱ्या चर्चेत उमेदवाराची जात, गट, आळी, नातेगोते यांचा सविस्तर ऊहापोह होतो. समितीने करावयाचे काम कोणते, एवढाच एक प्रश्न राहून जातो. तो आधी विचारला, तर उमेदवारांचा क्रम बराच बदलेल आणि 'फार विचारणारा' कदाचित यादीत वर येईल.

ही समिती म्हणजे केवळ ध्वजवंदनाच्या वेळी खुर्चीवर बसणारी मंडळी नव्हे. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या एकविसाव्या कलमाने सरकारी, स्थानिक संस्थांच्या व अनुदानित शाळांना अशी समिती बंधनकारक केली. तीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. महाराष्ट्रात अध्यक्ष व उपाध्यक्ष पालकांतूनच निवडले जातात, मुख्याध्यापक सचिव असतात आणि दरमहा बैठक अपेक्षित असते. शाळेच्या कामकाजावर देखरेख, शाळा विकास आराखडा तयार करणे आणि मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे ही तिची कायद्याने सांगितलेली कामे. बँकेतील खाते अध्यक्ष व मुख्याध्यापक यांच्या संयुक्त स्वाक्षरीने चालते. ज्याला आपण सही कशावर करीत आहोत हे वाचता येते आणि वाचल्यावाचून जो सही करीत नाही, असा माणूस या जागेवर हवा. तहसिलातील वजनाचा येथे फारसा उपयोग नाही.

रकमा लहान आहेत, म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. व्यापारी घरातील माणसाला मात्र लहान रकमेचे गणित सांगावे लागत नाही. समग्र शिक्षा योजनेतील शाळा अनुदान पटावर ठरते. ३० विद्यार्थ्यांपर्यंत वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० पर्यंत २५,०००, १०१ ते २५० पर्यंत ५०,०००. त्यातील किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चावयाचे. म्हणजे तीस मुलांच्या वस्तीशाळेला खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, नळाची तोटी, फळ्याचा रंग या सर्वांसाठी महिन्याला सुमारे ८३३ रुपये पडतात. पटावर एकतिसावे मूल आले की वर्षाचे पंधरा हजार वाढतात. गावातील दोन घरांनी आपली मुले तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातली, तर हाच आकडा उलट फिरतो. पालकसभेत हा हिशेब कोणी मांडला, तर 'कोणत्या आळीचा' हा वाद काही काळ तरी थांबेल.

गणवेशाची गोष्ट याहून बोलकी आहे. एका विद्यार्थ्यामागे दोन गणवेशांसाठी ६०० रुपये धरले जातात. तीस मुलांचे १८,००० होतात, म्हणजे त्या शाळेच्या वर्षभराच्या अनुदानाहून अधिक. पूर्वी ही खरेदी समिती करीत असे. २०२४-२५ मध्ये राज्याने ती आपल्या हाती घेतली, कापड वरून आले, शिवण्याचे काम महिला बचत गटांकडे गेले, आणि उशीर व मापांच्या तक्रारी गावोगाव झाल्या. पुढे हा अधिकार पुन्हा समितीकडे आला. तालुक्याच्या पेठेतील कापड दुकानांसाठी हा फरक मोठा आहे. म्हणूनच समितीच्या निवडीत पेठेचेही लक्ष असते आणि येथे व्यापाऱ्याने स्वतःपुरती एक रेषा आखून घेणे बरे. ज्याला शाळेला माल विकावयाचा आहे, त्याने समितीत कोण यावे याच्या खटपटीत पडू नये. भाव पत्रकावर लिहून द्यावा, मापे मुलांच्या अंगावर घ्यावीत, बिल शाळेच्या नावे करावे. सदस्याचा मेहुणा पुरवठादार असला म्हणजे कापड वाईटच असते असे नाही. परंतु वाईट निघाले, तर ते परत कोण पाठवणार?

या जिल्ह्यात समितीच्या निवडीला आणखी एक बाजू आहे, जी पुण्या-मुंबईच्या वाचकाच्या ध्यानी येणार नाही. कळंब, वाशी, भूम, परंडा या भागांतील पुष्कळ कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुले बरोबर नेली की शाळा सुटते. ती सुटू नये म्हणून गावातच हंगामी वसतिगृह चालवण्याची योजना आहे : मूल आजी-आजोबांकडे वा नातेवाइकांकडे राहते, दुपारचा पोषण आहार शाळेत मिळतो आणि सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची व्यवस्था शाळा व्यवस्थापन समिती पाहते. कोणती मुले मागे राहणार याची यादी, स्वयंपाकीण, किराणा, हजेरी हे सारे त्याच समितीच्या हाती. आता असे पाहावे की, जुलैच्या सभेत हात वर करणारे आई-बाप कार्तिकात गावात नसतात. ते सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात फडावर असतात आणि त्यांचे सात-आठ वर्षांचे लेकरू गावात कोणाच्या तरी भरवशावर जेवत असते. पटावर चाळीस आणि पंगतीला पंचवीस असे अंतर पडले, तर ते पाहणारे डोळे त्यांचे स्वतःचे नसतात.

अशा पालकांच्या दृष्टीने उमेदवार पारखण्याची कसोटी अगदी निराळी आहे. तो नोव्हेंबर ते मार्च गावात राहतो का? संध्याकाळी सात वाजता त्याचे पाय शाळेकडे वळतील का? मूल तापाने फणफणले, तर तो फोन करील का? या कसोटीला गावातला पुढारी उतरत नाही, कारण तो हंगामात कारखान्यावर किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी असतो. उतरते ती शाळेजवळ राहणारी, शिवणकाम करणारी एखादी आई. कायद्याने निम्म्या जागा महिलांना दिल्या त्यामागे समानतेचा विचार आहेच. पण या जिल्ह्यात त्याला व्यवहाराचीही बाजू आहे. दुर्दैवाने 'काम मालक बघतील' या एका वाक्याने तो व्यवहार बुडतो. बैठकीला पती येतो, नोंदवहीत पत्नीची सही होते, आणि जेवणाच्या पंगतीकडे दोघेही पाहत नाहीत.

पालकांच्या हाती मत येण्यास फार काळ लागला, हे नव्या पिढीला ठाऊक नसते. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९१८ मध्ये निघालेले उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचे. वरच्या वर्गांतही उर्दूच. मराठी बोलणाऱ्या मुलाला आपल्या भाषेत पुढे शिकावयाचे, तर लोकांनीच शाळा काढावी लागे. लोहारा तालुक्यातील हिप्परगा या खेड्यात १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली ती अशी. स्वामी रामानंद तीर्थ १९२९ मध्ये तेथे आले, मुख्याध्यापक झाले आणि १९३० मध्ये तेथेच त्यांनी संन्यास घेतला. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व केलेला हा पुरुष त्या आधी एका खेड्यातील शाळेचा कारभार पाहत होता. अशा शाळा लोकांच्या वर्गणीवर जगत. त्या काळी शाळेच्या कारभारात बोलण्याचा अधिकार मतातून येत नसे, तो गाठीच्या पैशातून आणि अंगमेहनतीतून येई.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे बार्शीपर्यंत, मुंबई इलाख्याचा कायदा होता आणि जिल्हा स्कूल बोर्डे होती; पण तेथेही पालक थेट मत देत नसत, लोकल बोर्डाच्या मार्फत ती मंडळे बनत. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्या शिक्षण समितीकडे गेल्या. गावकऱ्याने जिल्हा परिषद सदस्याला मत द्यावे, त्याने शिक्षण समिती बनवावी, तिने शाळा पाहावी, असा तो लांबचा रस्ता. गावच्या शाळेतील पालकाला, आणि केवळ पालकालाच, कारभाऱ्यांच्या निवडीत हात वर करता येऊ लागला तो २०१० नंतर.

'केवळ पालकालाच' हे शब्द व्यापारी कुटुंबांनी थांबून वाचावेत असे आहेत. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी शाळामंडळाचे सदस्य त्या भागातील सर्व मतदार निवडतात. घरात शाळकरी मूल असो वा नसो, शाळेसाठी कर भरतो म्हणून मत. आपल्याकडे मत मुलामागे जाते. पेठेतील बहुतेक घरांची मुले आज इंग्रजी माध्यमाच्या विनाअनुदानित शाळांत आहेत. त्या निर्णयाला कारणे आहेत, आणि त्यांबद्दल कोणाला दोष देण्याचे प्रयोजन नाही. मात्र त्याचा एक परिणाम असा झाला की, ज्या घरांत तीन पिढ्या हिशेब वाचता येतो, त्या घरांचे मत गावच्या शाळेतून उठून गेले. आणि ज्या विनाअनुदानित शाळेत मूल घातले, तिला हे एकविसावे कलम लागूच नाही. म्हणजे पैसे भरले तेथे मत नाही आणि मत होते तेथे मूल नाही.

समाजाच्या स्वतःच्या शिक्षणसंस्थांची स्थिती याच संदर्भात पाहण्याजोगी आहे. जानेवारी २०१४ मध्ये जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. अल्पसंख्याक शाळेतील व्यवस्थापन समितीचे काम कायद्याने केवळ सल्ला देण्यापुरते आहे. पालकाचे ऐकावे की नाही, हे विश्वस्तांच्या मर्जीवर राहते. आणि विश्वस्तांच्या निवडणुका सरळ होतात असेही नाही. एका संस्थेच्या दोन कार्यकारिणी, दोन फेरफार अहवाल आणि बँकेकडे खाते गोठवण्याची दोन परस्परविरोधी पत्रे हा प्रकार राज्यात नवा नाही. अशा वेळी धर्मादाय कार्यालयाच्या परिशिष्ट एकवर कोणाची नावे आहेत, एवढेच बँक पाहते. तोवर वर्गातील पंखा बंद असला, तरी त्याच्या दुरुस्तीचा धनादेश निघत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतील मजूर आईला जो अधिकार आहे, तो आपल्या संस्थेतील पालकाला विश्वस्तांनी आपण होऊन द्यावयास काय हरकत आहे? हिशेब वर्षातून एकदा पालकांपुढे वाचल्याने कोणत्याही संस्थेचा अल्पसंख्याक दर्जा जात नाही.

गावच्या समितीत मत नसलेल्या माणसालाही एक जागा मोकळी आहे. पालकांखेरीज उरलेल्या चौथ्या हिश्श्यात एक ग्रामपंचायत वा स्थानिक संस्थेचा सदस्य, एक शिक्षक आणि एक स्थानिक शिक्षणतज्ज्ञ असतो. हा तज्ज्ञ पालकांनीच ठरवावयाचा आहे. ही जागा पुष्कळदा एखाद्या निवृत्त गुरुजींच्या नावावर भरली जाते आणि विसरली जाते. निवृत्त मुनीम, लेखापाल किंवा घरातील पदवीधर सून यांनी पालकांकडे आपले नाव सुचवले, तर बहुधा कोणी नाही म्हणणार नाही. महिन्यातून एक दुपार द्यावी लागेल, एवढेच.

पेठेशी या सभेचा अधिक जवळचा संबंध मात्र दुसराच आहे. दुकानातील हमाल, दिवाणजी, घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या बाई यांची मुले याच शाळांत शिकतात. सभा कामाच्या दिवशी, बहुधा सकाळी अकराच्या पुढे असते. रोजंदारीवरच्या आईला ती गाठावयाची, तर अर्ध्या दिवसाची मजुरी सोडावी लागते. म्हणून पटावर साठ मुले असताना सभेला पंधरा पालक दिसतात आणि आदल्या रात्री ठरलेली नावे बिनविरोध होतात. दुकानात दहा वर्षे रोकड लिहिणारा दिवाणजी शाळेची रोकडवही सहज वाचू शकतो. त्या दिवशी त्याला दोन तासांची भरपगारी सुटी मिळाली, तर तो सभेला जाईल. आणि गुरुजी उत्तर देईपर्यंत विचारत राहण्याची सवय तर त्याला दुकानातच लागलेली असते.