दुर्बीण फक्त तिलाच का?

परवा माझी मावसबहीण आली होती. चहा घेता घेता म्हणाली, "पुढच्या आठवड्यात सुनेची दुर्बिणीतून तपासणी करायचीय." लग्नाला चार वर्षं झाली. तेवढ्यात त्या पोरीच्या नळ्या तपासून झाल्या, दोनदा पिशवी साफ करून झाली, उपवास तर चालूच आहेत. मी विचारलं, "आणि आपल्या पोराचा रिपोर्ट काय आला?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "अगं, त्याला काय झालंय? चांगला धडधाकट आहे की!"

मैत्रिणींनो, सगळा घोटाळा या 'धडधाकट' शब्दात आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२३ मध्ये सांगितलं, की जगात साधारण सहांपैकी एका प्रौढ माणसाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. बायका आणि पुरुष, दोघंही यात आले. कितीतरी जोडप्यांत कारण पुरुषाकडे असतं, नाहीतर दोघांकडे थोडं थोडं. तरी आपल्याकडे तपासणीची सुरुवात बाईपासून होते, आणि बऱ्याचदा तिथेच थांबते.

धडधाकट दिसण्याचा आणि मूल होण्याचा संबंध किती थोडा, हे मला स्टॉकहोमच्या एका संशोधनातून कळलं. तिथले शास्त्रज्ञ ब्यॉर्न आफ्झेलियस यांनी १९७६ मध्ये चार पुरुषांची हकिकत प्रसिद्ध केली. चौघांचेही शुक्राणू जिवंत होते, पण जागचे हलत नव्हते. साध्या सूक्ष्मदर्शकातून एवढंच कळतं, की शुक्राणू पोहत नाहीत. का पोहत नाहीत, ते दिसत नाही. शुक्राणू अख्खा मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा, आणि शेपटी तर त्याहून किती बारीक! म्हणून आफ्झेलियस यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक वापरला. यात उजेडाऐवजी इलेक्ट्रॉनचा झोत असतो आणि वस्तू हजारो पटींनी मोठी दिसते.

काकडीची चकती कापावी तसा शेपटीचा आडवा काप घेतला, तर आत सुबक रांगोळी दिसते. मधोमध दोन बारीक नळ्या आणि भोवती गोलाकार नऊ जोड्या. प्रत्येक जोडीला इवले इवले हात असतात. ते शेजारच्या जोडीला ओढतात, तशी शेपटी वळवळते आणि शुक्राणू पुढे जातो. या पुरुषांच्या शेपटीत ते हातच नव्हते! नाव आहे, नावाडी आहे, वल्ही नाहीत.

गंमत पुढेच आहे. त्यांतल्या तिघांना सतत सायनस आणि कफाचा त्रास होता, आणि त्यांचं हृदय डावीऐवजी उजवीकडे होतं. कारण श्वासनळीतला कफ बाहेर ढकलणाऱ्या बारीक केसांनाही तसेच हात लागतात, आणि गर्भात डावं-उजवं ठरतं तेही अशाच केसांच्या हालचालीने. म्हणजे हा जन्मजात दोष. त्याचा पुरुषत्वाशी काडीचा संबंध नाही. आपल्याकडे 'नपुंसक' आणि 'मूल न होणारा' यांत फरकच करत नाहीत, म्हणून पुरुष तपासणीच्या नावानेच बिचकतात.

हा आजार तसा दुर्मीळ. सर्दी झाली म्हणून कुणी घाबरू नये हं! पण नवऱ्याला लहानपणापासून कफ-सायनसचा त्रास असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावं. असे दोष बहुतेकदा आई-वडील दोघांकडून येतात, म्हणून मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या घरांत शक्यता वाढते. शिवाय शुक्राणू जिवंत असला तर आज मार्गही आहे. १९९२ पासून एकच शुक्राणू सुईने थेट बीजात सोडता येतो. खर्च मोठा आहे, यश हमखास नाही, आणि २०२१ च्या कायद्याने अशा केंद्राला नोंदणी सक्तीची आहे. ती आधी विचारून घ्यावी.

पण इतक्या लांब जायची वेळ सगळ्यांवर येत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक तर फार थोड्यांना लागतो. आधी हवी ती साधी वीर्यतपासणी. भूल नाही, टाका नाही. दोन ते सात दिवसांचा संयम ठेवून नमुना द्यायचा, बस. संख्या, गती, आकार, सगळं कळतं. एक रिपोर्ट वाईट आला म्हणून हाय खाऊ नये. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. मध्ये ताप येऊन गेला असेल, तंबाखू असेल, जिममध्ये शरीर कमवायला घेतलेली हार्मोनची इंजेक्शनं असतील, तरी आकडे घसरतात.

हे सगळं मी बहिणीला सांगितलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, "त्याला सांगायचं कुणी?" शेवटी माझ्या यजमानांनी फोन केला. सोमवारी भाचा लॅबमध्ये जाऊन आला. गती कमी आलीय. अडीच महिन्यांनी पुन्हा तपासायचं ठरलंय. सुनेची दुर्बीण तोवर पुढे ढकलली आहे.