पाणी कुठं मुरतंय?

‘कुठंतरी पाणी मुरतंय’ असं आपण संशय आला की म्हणतो. आज मात्र घरात खरोखरच मुरणारं पाणी शोधायचं आहे. बुलढाण्याला येळगाव धरणाचं पाणी येतं, पण आपल्या जिल्ह्यात नळ रोज येतीलच असं नाही. भरून ठेवलेलं पाणी गुपचूप गळून जाणं परवडेल का?

रात्री कामं आटोपली की टाकीत येणारं पाणी बंद करा, सगळे नळ घट्ट करा. टाकीत कोरडी काठी तळाला टेकेपर्यंत उभी बुडवा आणि ओल जिथवर चढेल तिथं दोरा बांधा. सकाळी कुणी नळ सोडण्याआधी पुन्हा पाहा. मीटरभर रुंदीच्या गोल टाकीत पाणी १ सेंटीमीटर उतरलं, तर सुमारे ८ लिटर गेलं समजा. दुसऱ्या रात्री टाकीखालचे सगळे व्हॉल्व्ह बंद करून हेच करा. तरीही उतरलं तर दोष टाकीत; न उतरल्यास घरातल्या पाइपात किंवा नळांत.

संडासाच्या फ्लशच्या टाकीत जिलबीचा रंग चिमूटभर टाका. अर्धा तास पाणी सोडू नका. भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर गेलं. ठिबकत्या नळाखाली वाटी ठेवा. १० मिनिटांत १०० मिलिलिटर जमलं, तर दिवसाला १४ लिटरांहून जास्त वाया जातं.

गच्चीवर सोलर असेल, तर काचेच्या नळ्यांच्या तोंडाशी ओल किंवा क्षाराचे पांढरे ओघळ दिसतात का, ते पाहा. रबरी रिंग बदलायची तर सकाळी लवकर. उन्हात तापलेल्या रिकाम्या नळीत गार पाणी गेलं की ती तडकते. फरशी एकाच जागी कोमट लागली, तर खालचा गरम पाण्याचा पाइप गळत असेल. गीझरच्या टाकीतून पाणी झिरपत असेल, तर आधी वीज बंद करा, मग मेकॅनिकला बोलवा.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं! नळ आले असतील तेव्हा रस्त्याकडचा पाइप, विशेषतः नालीजवळचा, नीट पाहा. नळ गेल्यावर त्याच भोकातून घाण पाणी आत ओढलं जातं आणि पुढच्या वेळी आपल्या हंड्यात येतं. कावीळ, हगवण अशीच घरात शिरते. तो पाइप बदलेपर्यंत पिण्याचं पाणी उकळूनच प्या. इथं ‘बघू पुढच्या महिन्यात’ नको!